गिटहब पेजेस: पहिले वैयक्तिक वेबपान ठेवण्यासाठी कितपत योग्य?

पहिलेच वैयक्तिक वेबपान तयार करू पाहणाऱ्या माणसाला गिटहब पेजेस ही सेवा सुचवावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला एक अट जोडलेली आहे. पान आधी स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या हाताने लिहावे आणि ते मनासारखे झाल्यावरच या सेवेकडे न्यावे. हा क्रम पाळला, तर विनामूल्य मिळणाऱ्या सेवांमध्ये इतकी स्वच्छ आणि इतकी मोकळीक देणारी दुसरी सेवा मला आढळलेली नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी खाते उघडले आणि मग पानाचा विचार सुरू केला, तर पहिल्याच पडद्यावर अडखळण्याची शक्यता मोठी आहे, कारण ही सेवा मुळात नवशिक्यांसाठी बांधलेली नाही.

गिटहब हे प्रोग्रामर मंडळींचे ठिकाण आहे. संगणकीय प्रोग्रामच्या फाइली तेथे साठवल्या जातात, त्यांत कोणी केव्हा काय बदल केला याची नोंद राहते आणि एकमेकांपासून दूर असलेली माणसे त्याच फाइलींवर मिळून काम करतात. गिटहब २००८ साली सुरू झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पेजेस ही जोडसेवा आली आणि २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. पेजेसचे काम एवढेच, की तुम्ही ठेवलेल्या फाइली ती मागेल त्याच्या ब्राउझरकडे पाठवते. पान मागितल्यावर ते ऐनवेळी जुळवून देणारा प्रोग्राम तेथे चालत नाही, डेटाबेस नसतो, पीएचपीसारखी सर्व्हरवर, म्हणजे पाने पाठवणाऱ्या संगणकावर, चालणारी भाषाही चालत नाही. ही उणीव वाटेल, पण आपले नाव, आपले काम, आपण केलेल्या गोष्टी आणि संपर्काचा मार्ग एवढेच सांगणाऱ्या पानाला याहून अधिक यंत्रणा लागतच नाही. आणि जी यंत्रणा मुळात नाही, तिची वेळोवेळी डागडुजी करावी लागत नाही.

आता त्या अटीकडे वळू या. वेबपान लिहिण्यासाठी साधा मजकूर जतन करणारा कोणताही संपादक चालतो; विंडोजमधला नोटपॅडसुद्धा पुरेसा आहे. वर्डसारखा प्रोग्राम मात्र वापरू नये, कारण तो मजकुरात स्वतःच्या पुष्कळ खुणा मिसळतो. वेबपान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. फाइलचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असे द्यायचे, कारण पत्त्यात कोणत्याही फाइलचा उल्लेख नसेल तेव्हा सर्व्हर याच नावाची फाइल शोधतो. नोटपॅडमध्ये जतन करताना फाइलीच्या प्रकारात ‘ऑल फाइल्स’ हा पर्याय निवडणे आवश्यक आहे. तसे केले नाही तर नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटते, आणि विंडोज नावाचा हा शेवटचा भाग सहसा लपवून ठेवत असल्याने फाइल ब्राउझरमध्ये का उघडत नाही हे नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

शीर्षकासाठी एच१, परिच्छेदासाठी पी, दुव्यासाठी ए, चित्रासाठी आयएमजी, यादीसाठी यूएल आणि एलआय: एवढ्या टॅगांच्या, म्हणजे कोनी कंसांत लिहायच्या खुणांच्या, बळावर संपूर्ण वैयक्तिक पान उभे राहते. फाइल जतन करून तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही आणि कोणत्याही खात्याचीही नाही. बदल करावा, जतन करावे, पान पुन्हा लोड करावे आणि परिणाम पाहावा, ही फेरी काही सेकंदांत पूर्ण होते. शिकणाऱ्याला खरी गरज असते ती याचीच, कारण आपण काय लिहिले आणि त्यामुळे काय घडले यांतला संबंध लगेच दिसला तरच तो मनात ठसतो. गिटहबच्या स्वतःच्या संपादकात ही सोय नाही. तेथे एचटीएमएलची फाइल लिहिता येते, पण ती पान म्हणून कशी दिसेल हे तिथल्या तिथे पाहता येत नाही. फाइल जतन करून, पान प्रसिद्ध होण्याची वाट पाहून मगच चूक कळते. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी अशी वाट पाहावी लागली तर शिकण्याचा उत्साह टिकणे कठीण आहे. माझ्या अटीमागचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हाताने लिहिलेली साधी एचटीएमएल फाइल कोणत्याही एका सेवेची बांधील नसते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत घडवलेले जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याची १९९२ सालची प्रत सर्नने २०१३ साली मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आणि ती आजच्या ब्राउझरमध्ये कोणत्याही खटपटीशिवाय वाचता येते. याच्या उलट जिओसिटीजचा इतिहास पाहावा. १९९४ साली सुरू झालेल्या या सेवेवर असंख्य हौशी लोकांनी आपापली पहिली पाने मांडली, १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि २००९ साली ती जपानवगळता सर्वत्र बंद झाली. ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइलींची प्रत होती त्यांना ती पाने दुसरीकडे मांडता आली. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना इतरांनी जतन केलेल्या संग्रहांत शोध घ्यावा लागला. गिटहब पेजेस उद्या बंद पडेल असे मला सुचवायचे नाही. तशी वेळ आलीच तर आपले पान दुसऱ्या सर्व्हरवर नेण्यासाठी फक्त फाइलींचे फोल्डर उचलावे लागेल, ही या सेवेची मला सर्वांत भावलेली बाजू आहे. ती तुमच्या पानात स्वतःचे काही घुसवत नाही, जाहिरात लावत नाही, तळाशी आपले नावही टाकत नाही.

देवनागरीत पान लिहिणाऱ्याने काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. फाइल यूटीएफ-८ या, अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीने जतन झालेली असली पाहिजे. विंडोज १०च्या २०१९ च्या मध्यापासूनच्या आवृत्त्यांत नोटपॅड आपणहून तसे करतो. त्याशिवाय पानाच्या हेड या भागात मेटा टॅगमध्ये ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ आहे असे लिहावे, आणि ती ओळ हेडमधल्या शीर्षकाच्या, म्हणजे टायटल टॅगच्याही आधी ठेवावी. नियमानुसार ही सूचना फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत आली पाहिजे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे आधी लांबलचक मराठी शीर्षक आणि वर्णन लिहून सूचना त्यांच्यानंतर टाकली, तर ती मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता असते. गिटहब पेजेस एचटीएमएल पान पाठवताना ते यूटीएफ-८ असल्याचे ब्राउझरला स्वतःहून कळवते, म्हणून ही ओळ विसरली तरी तेथे अक्षरे नीट दिसतात. मात्र तेच पान स्वतःच्या संगणकावरून उघडले किंवा अन्य सर्व्हरवर नेले, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसू शकते. सेवा चूक झाकते म्हणून चूक राहू देणे योग्य नाही. एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा संकेत म्हणून ‘एमआर’ ही दोन अक्षरे घालावीत, म्हणजे दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामना आणि शोधयंत्रांना पान मराठी आहे हे कळते. ओळींतील अंतर ब्राउझरच्या नेहमीच्या मापापेक्षा वाढवून अक्षराच्या आकाराच्या साधारण १.६ ते १.७ पट ठेवावे, कारण वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर आले की वाचणाऱ्याचा डोळा शिणतो. मोबाइलवर पान नीट दिसावे यासाठी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग घालणेही तितकेच गरजेचे आहे. त्याच्या अभावी मोबाइलचा ब्राउझर पान रुंद पडद्यासाठीचे समजून आकसून दाखवतो आणि अक्षरे वाचता येत नाहीत.

फाइलींची नावे मात्र मराठीत ठेवू नयेत. तांत्रिकदृष्ट्या ती चालतात, परंतु तो दुवा दुसरीकडे चिकटवला की देवनागरीच्या एकेका चिन्हाचे टक्केवारीच्या खुणांसह नऊ चिन्हांत रूपांतर होते आणि लहानशा नावाचा ओळभर लांब, वाचता न येणारा पत्ता तयार होतो.

एवढी तयारी झाली की गिटहबवर खाते उघडावे. येथे पहिला निर्णय वापरकर्ता-नावाचा असतो आणि तो विचारपूर्वक घ्यावा, कारण तेच नाव पुढे ‘गिटहब डॉट आयओ’ या पत्त्याच्या आधी येते. नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि मध्ये एकेकटी येणारी जोडरेघ एवढेच चालते, आणि त्याची लांबी ३९ चिन्हांपेक्षा अधिक असू शकत नाही. नाव पुढे बदलता येते, पण त्यासोबत पानाचा पत्ताही बदलतो आणि लोकांना दिलेले जुने दुवे निकामी होतात. नोकरीच्या अर्जात किंवा भेटकार्डावर छापता येईल असे नाव सुरुवातीलाच घ्यावे, हे उत्तम. गिटहबने २०२३ पासून फाइलींत बदल करणाऱ्या वापरकर्त्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर ओळखीचा आणखी एक पुरावा देणे, टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे. त्या वेळी मिळणारे पुनर्प्राप्तीचे कोड छापून किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी जपून ठेवावेत, कारण फोन हरवला आणि कोडही नसले तर स्वतःच्याच पानात बदल करण्याचा मार्ग बंद होतो.

खाते उघडल्यानंतर रिपॉझिटरी तयार करावी लागते, आणि नवखा माणूस बिचकतो तो येथे. संपूर्ण व्यवहार इंग्रजीत आहे आणि ती इंग्रजीही प्रोग्रामर लोकांच्या व्यवसायातली आहे: रिपॉझिटरी, ब्रँच, कमिट, पुल रिक्वेस्ट, फोर्क. या गर्दीतल्या फक्त तीनच गोष्टी वैयक्तिक पानासाठी समजून घ्याव्या लागतात. रिपॉझिटरी म्हणजे आपल्या फाइलींचे फोल्डर, ब्रँच म्हणजे त्या फोल्डरची चालू प्रत, जिचे नाव आपोआप ‘मेन’ असे पडते, आणि कमिट म्हणजे बदल नोंदवून जतन करणे. बाकीची सर्व बटणे दिसली तरी त्यांना हात लावण्याचे कारण नाही. रिपॉझिटरीचे नाव आपले वापरकर्ता-नाव आणि त्यापुढे ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ असे तंतोतंत द्यायचे आणि ती सार्वजनिक ठेवायची. विनामूल्य खात्यात खाजगी रिपॉझिटरीतून पान प्रसिद्ध करता येत नाही. त्यानंतर संगणकावरच्या फाइली माउसने ओढून ब्राउझरच्या खिडकीत सोडायच्या आणि कमिटचे बटण दाबायचे. सेटिंग्जमधल्या पेजेस या विभागात मेन ही ब्रँच निवडलेली आहे ना, हे एकदा पाहून घेतले की काम झाले. कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची पद्धत) किंवा फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा गिट हा प्रोग्राम शिकल्याशिवाय गिटहब वापरता येत नाही, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. वैयक्तिक पानापुरती ती खरी नाही. सारे काही ब्राउझरमधून होते आणि एकेक फाइल २५ एमबीपर्यंत चढवता येते.

कमिट केल्यावर पान तत्काळ दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. बदल प्रसिद्ध व्हायला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो असे गिटहब स्वतःच सांगते, आणि त्यापुढे ब्राउझरलाही पानाची प्रत १० मिनिटे जपून ठेवण्याची सूचना दिलेली असते. त्यामुळे नवी आवृत्ती प्रसिद्ध झालेली असूनही आपल्याला जुनेच पान दिसत राहणे शक्य असते, आणि आपण लिहिलेल्यात चूक आहे असे समजून पुन्हा पुन्हा बदल करत राहिल्यास गोंधळ वाढतो. अशा वेळी कंट्रोल आणि शिफ्ट दाबून आर दाबावे किंवा ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान उघडून पाहावे. पानांच्या बांधणीवर तासाला १० ही सैल मर्यादाही आहे. घरी तयार केलेले पान चढवणाऱ्याला ती कधी जाणवणारही नाही. गिटहबच्या संपादकातच स्वल्पविराम दुरुस्त करत बसणाऱ्याला मात्र जाणवू शकते.

चित्रे दिसत नाहीत, ही तक्रार नवख्यांकडून फार ऐकू येते आणि तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते. विंडोज फाइलीच्या नावातली इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे एकच मानते. पेजेसचा सर्व्हर तसे मानत नाही. कॅमेऱ्याने नावाचा शेवट मोठ्या अक्षरांत ‘जेपीजी’ असा केलेला असतो, आपण पानात तो लहान अक्षरांत लिहितो, संगणकावर चित्र व्यवस्थित दिसते आणि इंटरनेटवर गेल्यावर त्याच्या जागी रिकामा चौकोन उरतो. सर्व नावे लहान अक्षरांत, रिकाम्या जागेऐवजी जोडरेघ वापरून लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली की हा प्रश्न उद्भवतच नाही. फोनवर काढलेले छायाचित्र तसेच चढवू नये, कारण ते अनेक एमबींचे असते आणि मंद जोडणीवर पान उघडायला विनाकारण वेळ लागतो. पानावर ते जेवढे दिसायचे आहे, त्याच्या दुपटीपेक्षा अधिक रुंदी ठेवण्याची गरज नसते. शिवाय फोनच्या छायाचित्रात ते कोठे काढले त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. समाजमाध्यमे बऱ्याचदा ही माहिती काढून टाकतात; पेजेस फाइल जशीच्या तशी पोहोचवते, त्यामुळे घरी काढलेल्या छायाचित्राबरोबर घराचा ठावठिकाणाही जगाला कळू शकतो. आकार कमी करतानाच ही माहितीही काढून टाकावी.

खाजगीपणाच्या बाबतीत या सेवेची एक गोष्ट प्रत्येक नव्या वापरकर्त्याने खाते उघडण्यापूर्वीच जाणून घेतली पाहिजे, आणि तिच्याविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते. गिटहब प्रत्येक कमिटची नोंद जपते. प्रोग्रामरसाठी हे वरदान आहे, कारण कोणत्याही क्षणाची जुनी आवृत्ती परत मिळवता येते. तुमच्या पानातही चुकून काही खोडले गेले तर ते याच नोंदीतून परत मिळते. परंतु सार्वजनिक रिपॉझिटरीत ही नोंदही सार्वजनिकच असते. आज पानावर फोन नंबर आणि घरचा पत्ता घातला आणि उद्या तो काढून टाकला, तरी पानावरून गेलेली माहिती नोंदीत शिल्लक राहते आणि कोणीही दोन-तीन क्लिकमध्ये ती वाचू शकतो. पीडीएफच्या रूपातला जुना बायोडेटा, ज्यात जन्मतारीख आणि स्वाक्षरी आहे, तोही तसाच राहतो. पहिल्या पानासाठी यावर सोपा उपाय म्हणजे संपूर्ण रिपॉझिटरी काढून टाकून नवी तयार करणे, आणि तोही मधल्या काळात कोणी प्रत करून घेतली नसेल तरच उपयोगी. म्हणून फाइल चढवण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक ओळ अनोळखी माणसाच्या नजरेने वाचून पाहावी. कमिटच्या नोंदीसोबत आपला ई-मेल पत्ताही उघड होऊ शकतो. सेटिंग्जमधल्या ई-मेल विभागात पत्ता खाजगी ठेवण्याचा पर्याय आहे, तो निवडला की गिटहब त्याऐवजी स्वतःचा एक पर्यायी पत्ता वापरते. हा पर्याय पहिल्या कमिटच्या आधी निवडलेला असावा. एवढी महत्त्वाची सूचना नव्या वापरकर्त्यासमोर ठळकपणे मांडली जात नाही, ही या सेवेची उणीव मी गंभीर मानेन.

मर्यादांचे आकडे पाहिले तर वैयक्तिक पानाला ते पुरून उरतात. प्रसिद्ध झालेले संकेतस्थळ १ जीबीपेक्षा मोठे असू नये आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीच्या आत असावी, अशी अपेक्षा असते. चित्रांसह पान १ एमबीचे असेल, तर महिन्याला सुमारे लाख वेळा ते उघडले गेले तरच ती मर्यादा गाठली जाईल. व्यवसायाचे ऑनलाइन दुकान चालवण्यासाठी ही सेवा नाही, हे अटींत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि पासवर्ड किंवा कार्डाचे क्रमांक मागणारे व्यवहारही तेथे करू नयेत. संपर्काचा फॉर्म हवा असल्यास तो भरून आलेली माहिती स्वीकारणारी बाहेरची एखादी सेवा जोडावी लागते; साध्या पानाला ई-मेलचा दुवा पुरतो, मात्र तो पत्ता रोजच्या वापरातला नसावा, कारण पानांवरचे पत्ते गोळा करणारे प्रोग्राम तो हमखास उचलतात. गिटहब डॉट आयओ या पत्त्यावरची पाने एचटीटीपीएस या सुरक्षित मार्गानेच मिळतात आणि १५ जून २०१६ नंतर तयार झालेल्या पानांना त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

तुलना करायचीच झाली तर ती निओसिटीजशी करावी. २०१३ साली काइल ड्रेक यांनी सुरू केलेली ही सेवा जिओसिटीजच्या काळातली हाताने पान लिहिण्याची पद्धत पुन्हा रुजवण्यासाठीच निघाली, आणि नवख्याचे स्वागत ती गिटहबपेक्षा पुष्कळ आपुलकीने करते. रिपॉझिटरी नाही, कमिट नाही; संपादक ब्राउझरमध्येच आहे, जतन करताच बदल पानावर दिसतो आणि जुन्या आवृत्त्यांची सार्वजनिक नोंद राहत नाही. साठवणीची विनामूल्य मर्यादा तेथेही १ जीबी आहे. मात्र विनामूल्य खात्यात कोणत्या प्रकारच्या फाइली ठेवता येतात यावर बंधन आहे आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतः निवडलेल्या नावाचा वेगळा पत्ता, जोडायचे तर पैसे भरून सदस्य व्हावे लागते. ज्याला गिटहबवरच्या शब्दांची मनापासून धास्ती वाटते, त्याने निओसिटीजवर सुरुवात करावी. फाइली त्याच असल्यामुळे पुढे गिटहबकडे येणे अवघड नाही. तरीही मी गिटहबला झुकते माप देतो, कारण तेथे विनामूल्य खात्यालाही स्वतःचे डोमेन जोडता येते आणि शिकता शिकता जी कौशल्ये हाताशी येतात ती प्रोग्रामिंगच्या जगात सर्वत्र चालतात.

गुगल साइट्स किंवा वर्डप्रेस डॉट कॉम यांचा मार्ग वेगळा आहे. तेथे एचटीएमएलचे एकही अक्षर न लिहिता, चौकटी जागेवर ठेवून पान तयार होते, आणि ज्याला शिकण्यात रस नसून आज संध्याकाळपर्यंत पान हवे आहे त्याच्यासाठी तेच बरोबर आहे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या विनामूल्य पानावर मात्र जाहिराती दिसतात, आणि दोन्ही ठिकाणी तयार झालेल्या पानाची मांडणी त्या त्या सेवेच्या यंत्रणेवर अवलंबून असते. ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नियमित लेख लिहिणाऱ्याला, वाचकांचे अभिप्राय हवे असणाऱ्याला आणि मोबाइलवरूनच सर्व काम करणाऱ्याला मी वर्डप्रेसच सुचवेन. गिटहबवरही जेकिल या साधनाने लेखमाला चालवता येते आणि मार्कडाउनच्या सोप्या खुणांत लिहिलेल्या मजकुराचे ते पान करून देते, पण पहिल्या पानाच्या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नये; एकाच वेळी दोन गोष्टी शिकताना चूक नेमकी कशात आहे हे शोधता येत नाही. जेकिलची एक सवय तेवढी माहीत असावी: ज्या फाइलींची किंवा फोल्डरांची नावे अधोरेषेने सुरू होतात, त्यांना ते वगळते, आणि पेजेसमध्ये ते पडद्यामागे आपोआप चालू असते.

पान काही महिने सांभाळल्यावर बहुतेकांना स्वतःचे डोमेन घ्यावेसे वाटते. डोमेन देणाऱ्या कंपनीला दरवर्षी शुल्क द्यावे लागते. ते पेजेसला जोडण्याचे मात्र गिटहब काहीच घेत नाही, आणि २०१८ पासून अशा डोमेनवरही एचटीटीपीएसची सोय विनामूल्य मिळते. जोडणी करताना डोमेनच्या डीएनएस नोंदी, म्हणजे तो पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी, बदलाव्या लागतात, त्या सर्वत्र पोहोचायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि तोवर पान कधी दिसेल, कधी दिसणार नाही. जोडण्यापूर्वी खात्याच्या सेटिंग्जमध्ये डोमेनची मालकी पडताळून घ्यावी. पुढे पान बंद केले आणि डीएनएसच्या नोंदी तशाच गिटहबकडे वळलेल्या राहिल्या, तर पडताळणी न केलेले डोमेन दुसरा कोणी स्वतःच्या रिपॉझिटरीला जोडू शकतो आणि आपल्या नावाच्या पत्त्यावर त्याचे पान दिसू लागते. म्हणून पान हटवायचे असेल तर आधी डीएनएसच्या नोंदी काढाव्यात आणि मगच रिपॉझिटरी बंद करावी.